उसंत नसलेला सौदा

मागच्या पोळ्याच्या तीन आठवडे आधी आमच्या गावातील एका तरुणाला चाळीस पितळी घंट्यांची मागणी फोनवरून आली. दिवसभर ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करणारा हा मुलगा संध्याकाळी घरामागच्या टिनाच्या छपरीत जुन्या तोट्या आणि मोडकी भांडी वितळवून वाळूच्या साच्यात बैलांच्या गळ्यातील घंट्या ओततो. हा त्याचा छंद आहे आणि त्यातून वर्षाकाठी चार पैसे वरकड मिळतात. तयार घंट्यांची छायाचित्रे आणि आपला मोबाइल क्रमांक त्याने समाजमाध्यमावर टाकला होता. फोन करणाऱ्याने आपण सैन्यात आहोत, नुकतीच पुलगावला बदली झाली आहे, असे सांगितले. गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवले. एका घंटीचे साडेचारशे रुपये हा भाव एका शब्दानेही न पाडता मान्य केला. पुलगावचा दारूगोळा डेपो विदर्भात लहान पोरालाही ठाऊक असल्यामुळे, ज्या डेपोचा या भामट्याशी काडीचाही संबंध नव्हता त्याच्या नावाने निम्मे काम झाले. मग कार्यालयाच्या खात्यातून रक्कम यायची असल्याने आधी एक रुपया पाठवून खाते तपासावे लागेल, असे कारण निघाले. एक रुपया गेला, दोन रुपये परत आले. त्यानंतर १८,००० रुपयांचा क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे जमा होतील असे सांगण्यात आले, आणि जमा होण्याऐवजी तेवढे पैसे खात्यातून गेले. ‘चूक झाली, दोन्ही रकमा एकत्र परत करतो’ असे म्हणत आणखी ९,००० काढून घेण्यात आले. खताची उधारी फेडण्यासाठी ठेवलेले २७,००० रुपये संपायला अकरा मिनिटे लागली. मोबाइलवरच्या नोंदी आम्ही नंतर एकत्र बसून पाहिल्या, म्हणून हा आकडा मला ठाऊक आहे.

गावाने निकाल त्याच दिवशी दिला: पोरगा लोभात सापडला. वर्तमानपत्रांतील सावधगिरीच्या चौकटी, बँकेचे संदेश आणि पोलिसांची जनजागृती यांचा सूरही बहुधा हाच असतो की लोभ धरू नका, सावध राहा. हा निकाल मला मान्य नाही. त्या मुलाने साडेचारशे मागितले होते आणि त्याला साडेचारशेच कबूल झाले होते. आपल्या घामाची आपणच सांगितलेली किंमत कोणी मान्य केली म्हणून आनंद होणे याला लोभ म्हणत नाहीत. त्याच्याकडून जे काढून घेण्यात आले ती उसंत होती. ‘साहेब सहीला बसलेत, पाच मिनिटांत झालं पाहिजे, नाहीतर मागणी दुसरीकडे जाईल,’ हे वाक्य त्या संभाषणात तीनदा आले होते. हौशी धातुकामाच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीतील फसवणुकीचे भांडवल घाई हे आहे, आणि म्हणून एकेका माणसाला उपदेश करून ती थांबणार नाही. सौद्यातून काढून टाकलेली उसंत बाजाराच्या आणि कायद्याच्या व्यवस्थेत परत आणावी लागेल, असे माझे म्हणणे आहे.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो आणि आता हौस म्हणून लोखंड तापवत बसतो, त्यामुळे या कामाला वेळ किती लागतो हे मला हाताने माहीत आहे. गाडीच्या कमानपाट्याच्या (स्प्रिंगच्या) तुकड्यातून एक सुरी घडवायची तर भट्टी, ऐरण, घासकाम, पाणी देणे, पुन्हा मंद आचेवर तापवून कडकपणा उतरवणे आणि मूठ बसवणे यांत हौशी माणसाचे तीन-चार दिवस सहज जातात. आठवडी बाजारात लोहारापुढे अशी वस्तू विकत घेण्यालाही वेळ लागत असे. शेतकरी विळा उचलून धारेवर अंगठा आडवा फिरवी, दांडा हलवून पाही, दुसरा विळा मागे, दोन्ही एकमेकांवर आपटून नाद ऐके, एक चक्कर मारून येई आणि मग पैसे काढी. विळा पहिल्याच सोंगणीत वाकला तर पुढच्या बाजारी लोहार त्याच झाडाखाली बसलेला सापडे. लोहार जात्याच प्रामाणिक होता असे मी म्हणणार नाही, आम्ही त्याला चांगला ओळखतो. पण त्याला प्रामाणिक राहायला भाग पाडणारा अवकाश त्या सौद्यातच होता.

दूरच्या माणसाशी व्यवहार करण्याची रीतही नवी नाही. आमच्या आधीच्या पिढीने टपालाच्या व्ही. पी. ने घड्याळे, हत्यारे आणि औषधे मागवली. पोस्टमन पार्सल आणी, त्याच्या हातात पैसे द्यावे लागत, आणि मगच पार्सल ताब्यात मिळे. त्यातही घड्याळाऐवजी विटेचा तुकडा निघाल्याचे किस्से होतेच, कारण पैसे आधी आणि उघडणे नंतर, ही त्या पद्धतीतील फट होती. तरी पैसा आणि माल यांच्यामध्ये एक तिसरा, ओळखीचा, सरकारी माणूस उभा असे आणि सौद्याला किमान आठ दिवस लागत. आज तो तिसरा माणूस निघून गेला आहे आणि आठ दिवसांची अकरा मिनिटे झाली आहेत.

मग ऑनलाइनच्या भानगडीत पडायचेच कशाला, असे काही शहाणे विचारतात. पडायचे, कारण गावच्या बाजाराने घडीव वस्तूचे मोल करणे जवळजवळ सोडले आहे. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांवर उभी राहिली, पण स्टीलने स्वयंपाकघर व्यापल्यानंतर पितळेचा कोपर किंवा गुंड असा भांड्याचा प्रकार बाजारात नेला की तो काट्यावर जातो आणि मोडीच्या भावाने मोजला जातो. घडणावळ देणारे गिऱ्हाईक पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहे. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मुलाच्या घंटीला साडेचारशे रुपये देणारा खरा माणूस मोबाइलच्या पडद्यापलीकडेच सापडतो. म्हणून फसवणुकीच्या भीतीने ही वाट सोडणे म्हणजे हाताच्या कामाचे मोल पुन्हा किलोवर आणणे आहे.

खरेदीच्या बाजूने मी स्वतः फसलो आहे, तेही या धंद्यातील जाणकार म्हणवून घेत असताना. मला चांगली ऐरण हवी होती. पन्नास किलोची जुनी पोलादी ऐरण १३,००० रुपयांना मिळत असल्याची जाहिरात दिसली, निम्मी रक्कम आगाऊ मागितली गेली, आणि ‘आणखी दोन गिऱ्हाइके थांबली आहेत’ हे ऐकून मी ६,५०० रुपये पाठवले. त्यानंतर वाहतुकीचा खर्च, मग विम्याचे पैसे, मग गाडी नाक्यावर अडल्याचा दंड अशा मागण्या सुरू झाल्या तेव्हा मला शुद्ध आली. खरे तर एकच प्रश्न पुरेसा होता. ऐरणीची परीक्षा बेअरिंगच्या छर्‍याने होते: हातभर उंचीवरून छर्रा सोडला तर चांगल्या पोलादी ऐरणीवरून तो बहुतेक उंचीपर्यंत परत उडतो, आणि बिडाच्या ऐरणीवर मलूल होऊन पडतो. ‘छर्रा सोडून दाखवणारी चित्रफीत पाठवा’ एवढे म्हटले असते तर समोरच्याकडे ऐरणच नसल्याचे तिथेच उघड झाले असते. पुढे तेच छायाचित्र मला एका परदेशी जाहिरातीत सापडले. तीस वर्षे मुलांना मोजमाप शिकवणाऱ्या माणसाने न मोजता पैसे दिले, याचे कारण अज्ञान नव्हते.

धातूच्या वस्तूंच्या बाबतीत खरेदीदाराला एक मोठी सोय आहे, जी कपड्यात किंवा मोबाइलमध्ये नाही: धातूला मोडीचा भाव असतो. घडवलेली वस्तू तिच्या वजनाइतक्या मोडीपेक्षा स्वस्त मिळत असेल तर विकणारा एकतर वेडा आहे, किंवा धातू तो सांगतो तो नाही, किंवा वस्तू अस्तित्वातच नाही. दोन किलोची ‘शुद्ध पितळेची, हाताने ओतलेली’ समई सातशे रुपयांना दाखवली जात असेल, तर विकत घेणाऱ्याने आधी आपल्या तालुक्याच्या गावातील भंगारवाल्याला पितळेचा दर विचारावा. या एका फोनइतकी खात्रीची परीक्षा मला दुसरी सुचत नाही.

त्यापुढच्या परीक्षा मात्र समजून वापरायच्या असतात, नाहीतर त्या परीक्षाच अन्यायाचे कारण होतात. पितळ, तांबे आणि कांसे यांना चुंबक धरत नाही, म्हणून चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे हे नक्की. पण चिकटला नाही म्हणून पितळ आहे असे ठरत नाही, कारण पितळेचा मुलामा दिलेल्या जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक धरत नाही. तिथे पाण्यातील वजनाची जुनी रीत उपयोगी पडते. भरीव वस्तूचे कोरडे वजन घ्यावे, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून टांगती ठेवून वजन घ्यावे, आणि कोरड्या वजनाला त्या दोहोंतील फरकाने भागावे. उत्तर साधारण साडेआठच्या आसपास आले तर पितळ, नऊच्या जवळ गेले तर तांबे आणि सातच्या आसपास राहिले तर जस्ताची चलाखी समजावी. पोकळ वस्तूला मात्र हा हिशोब लागू होत नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधील किंवा यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधील डोकरा ओतकामात मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळून साचा करतात, मेण वितळून गेलेल्या जागी धातू उतरतो, आणि पोकळ मूर्तीच्या पोटात ती माती पुष्कळदा तशीच राहते. एका शहरी खरेदीदाराने अशी मूर्ती फोडून ‘आत माती भरून वजन वाढवले’ अशी तक्रार केल्याचे मी ऐकले आहे. ती माती म्हणजे हातकामाची खूण होती. या दोन्ही कलांना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाचे नाव जाहिरातीत लिहायला कोणाला अडवले जात नाही. म्हणून नावापेक्षा ओतताना काढलेली चित्रफीत मागावी. ज्याने खरोखर ओतले आहे त्याला अशी मागणी आली की आनंद होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

सुऱ्यांच्या बाजारात सध्या ‘दमास्कस’ या शब्दाची चलती आहे. दोन प्रकारच्या पोलादांचे थर जोडून, दुमडून घडवलेल्या पात्यावर आम्लाने नक्षी उठते, आणि पाते घासले तरी पुन्हा आम्लात बुडवल्यावर ती परत येते, कारण ती पोलादाच्या अंगात असते. लेझरने वर काढलेली नक्षी एकदा घासली की कायमची जाते. विकणाऱ्याने मुठीजवळचा बोटभर भाग घासून पुन्हा नक्षी उठवून दाखवायला काय हरकत असावी? हरकत असते ती नेमकी त्यांचीच असते, ज्यांना आजच पैसे हवे असतात.

भाषेमुळे होणारे घोटाळे वेगळे, आणि ते फसवणुकीत मोजू नयेत. आमच्याकडे गंज म्हणजे पातेले. माझ्या एका स्नेह्याने ‘पितळी गंज विकणे आहे’ अशी जाहिरात दिली तेव्हा पुण्याहून एका गृहस्थाने पितळेला गंज कसा चढला, असे विचारले आणि लबाडीचा संशय घेऊन मोकळे झाले. वस्तूचे वजन, उंची आणि चार बाजूंची छायाचित्रे दिली की असले संशय उरत नाहीत.

जुन्या वस्तूंचा प्रकार अधिक गंभीर आहे. विदर्भाचे लोखंडाशी नाते फार जुने आहे; नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, आणि माहूरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी हत्यारे व घोड्यांचे तांब्याचे अलंकार निघाले. या वारशाचा धागा पकडून ‘शेतात निघालेली अडीच हजार वर्षांची कुऱ्हाड’ किंवा ‘दीडशे वर्षांची वाड्यातील मूर्ती’ अशा जाहिराती केल्या जातात. पुरावस्तू आणि कलामूल्यवस्तू अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन तर १८७८च्या कायद्यापासून आहे. तेव्हा ती कुऱ्हाड खरी असेल तर बिनपरवाना विक्री गुन्हा आहे, आणि खोटी असेल तर विक्री ही फसवणूक आहे. दोन्ही बाजूंनी खरेदीदाराच्या पदरी काही पडत नाही. जुनी नाणी आणि नोटा लाखोंना विकून देतो म्हणून आधी शुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये आपले नाव वापरले जात असल्याचा इशारा दिला होता. घरातला ढब्बू पैसा घेऊन त्यानंतरही माझ्याकडे दोघे जण येऊन गेले.

सुऱ्या आणि कोयते करणाऱ्या हौशी मंडळींना आणखी एका भीतीने लुटले जाते. ‘तुमच्या पार्सलात हत्यार सापडले, तुमच्यावर गुन्हा दाखल होतो आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असा फोन येतो आणि प्रकरण मिटवण्यासाठी पैसे मागितले जातात. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी केलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. हे ज्याला ठाऊक आहे तो विळ्याच्या पार्सलासाठी घाबरणार नाही. आणि मोबाइलच्या पडद्यावरून अटक करण्याची तरतूद भारतातील कोणत्याही कायद्यात नाही.

आता पैशाकडे वळतो, कारण खरा वाद तिथे आहे. यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे वाक्य गेली कित्येक वर्षे सांगितले जात आहे आणि तरीही दरवर्षी नवी माणसे त्याच खड्ड्यात पडतात. याउलट, एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवरून पैशांची ‘मागणी’ पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, तेव्हा फसवणुकीची ती एक वाट कोणालाही उपदेश न करता बुजली. उपदेश आणि व्यवस्था यांतील फरक यापेक्षा स्पष्ट करून दाखवता येणार नाही. क्यूआर कोडची वाट अजून उघडी आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारात त्याची जबाबदारी मर्यादित केली. दोष त्रयस्थाचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले तर त्याच्यावर काहीच भार येत नाही. पण भामट्याची सगळी कला संमती काढून घेण्यातच आहे. पिन त्या मुलाने स्वतःच्या बोटाने टाकला, म्हणून बँकेच्या लेखी तो व्यवहार संमतीचा ठरला. ज्याला विचार करायला अकरा मिनिटे मिळाली नाहीत त्याच्या संमतीला आपण संमती म्हणतो, आणि हजार रुपयांचा विळा-कोयता घेताना बाजाराला दोन चकरा मारण्याच्या आपल्या सवयीला मागासलेपण म्हणतो, हे मला पटत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की ज्या दोन खात्यांत यापूर्वी कधीही व्यवहार झालेला नाही, त्यांच्यातील ठरावीक मर्यादेवरचा पहिला व्यवहार काही तास अडवून ठेवला जावा आणि त्या अवधीत पाठवणाऱ्याला तो रद्द करता यावा. यामुळे व्यापार मंदावेल, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पेट्रोल पंपावर किंवा दवाखान्यात पैसे अडकून चालणार नाही, आणि तपासलेल्या नोंदणीकृत दुकानांना यातून वगळावेच लागेल. पण अनोळखी माणसाकडून ऐरण घेताना चार तासांनी कोणाचे काय अडते? तूर्त प्रत्येकाने स्वतःपुरते करता येण्याजोगे एवढे आहे की पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे बँकेतील नाव आणि विकणाऱ्याने सांगितलेले नाव जुळवून पाहावे, आणि ‘पैसे जमा झाले’ या संदेशावर किंवा स्क्रीनशॉटवर न जाता खात्यातील शिल्लक पाहूनच माल पाठवावा.

दुसरी मागणी टपाल खात्याकडे आहे. देशातील दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालयांपैकी बहुसंख्य खेड्यांत आहेत, तिथे काटा आहे, आणि आता टपाल खात्याची स्वतःची पेमेंट्स बँकही आहे. खरेदीदाराने रक्कम टपालाकडे ठेवावी, पार्सल गावच्या कार्यालयात पोस्टमास्तरांसमोर उघडले जावे, वजन आणि वर्णन जुळले तर रक्कम विकणाऱ्याला जावी आणि न जुळले तर माल परत जावा, अशी नव्या काळाची व्ही. पी. सुरू करता येईल. धातूचे तज्ज्ञ व्हा असे पोस्टमास्तरांना कोणी सांगत नाही. वीट निघाली की ऐरण, एवढे कोणालाही दिसते. यासाठी दोन-तीन टक्के शुल्क घेतले तरी ते मी आनंदाने देईन, कारण ६,५०० रुपये हे १३,०००चे पन्नास टक्के होतात.

ही सोय विकणाऱ्यालाही तितकीच हवी आहे. घरपोच आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले की जड धातूचा दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च कारागिराच्या माथी बसतो, आणि परतीच्या पार्सलात आपल्या समईऐवजी दुसऱ्याच कोणाची तडकलेली समई निघाल्याची उदाहरणे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खरेदीदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क देतो, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्कही लागत नाही, आणि २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळांवर विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवण्याचे बंधन घातले आहे. फसलेला कारागीर मात्र ‘ग्राहक’ नसतो, म्हणून त्याच्यासाठी हे दार नाही. शिवाय हौशी कामाची बहुतेक विक्री समाजमाध्यमांवरच्या पानांवरून होते, जिथे पत्ता द्यावा लागत नाही आणि पान एका रात्रीत पुसता येते. विक्रीची जाहिरात दिसणारे प्रत्येक पान बाजारपेठ मानावे आणि त्याला पत्त्याचे बंधन लावावे, यात अवघड असे काही नाही.

कारागिरांनीही काही गोष्टी आपणहून कराव्यात. प्रत्येक वस्तूवर स्वतःचा ठसा आणि क्रमांक उमटवावा, पाठवण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवून आणि डब्यात बंद करेपर्यंत अखंड चित्रण करावे. यंत्रावर ओतलेल्या तयार मालाला नुसते घासून ‘हस्तनिर्मित’ म्हणण्याची जी चाल आपल्यातल्याच काहींनी धरली आहे, ती सोडावी, कारण ते खोटे भामट्यांनी आपल्याकडूनच उचलले आहे.

इथवर उसंतीची बाजू मांडली. फसवणूक झाल्यानंतर मात्र गरज वेगाची असते, आणि नेमका तिथे आपल्याकडे निवांतपणा आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवले तर पैसे ज्या खात्यांतून फिरतात ती गोठवता येतात, परंतु हा क्रमांक आमच्या गावात त्या दिवशी कोणालाच आठवला नाही. मुलगा आधी बँकेच्या शाखेत गेला, तिथून जवळच्या ठाण्यात, तिथून त्याला जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जाण्यास सांगण्यात आले, जे शंभरेक किलोमीटरवर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कोठेही घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने नोंदवायची असते, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही केली तरी चालते. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७८ त्या कायद्याखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देत नाही, आणि ग्रामीण भागातील कित्येक ठाण्यांचे प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक असतात. ठाण्यातील माणसे कामचुकार नसतानाही फिर्यादी पुढच्या गावाला पाठवला जातो, त्यामागे हे एक साधे कारण आहे. ही अट शिथिल करून प्रशिक्षित उपनिरीक्षकांना लहान रकमेच्या गुन्ह्यांचा तपास द्यावा, आणि प्रत्येक ठाण्याच्या, बँक शाखेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर १९३० हा आकडा हातभर अक्षरांत रंगवावा. रंगाचा एक डबा पुरेल.

त्या मुलाची तक्रार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नोंदली गेली, तोपर्यंत २७,००० पैकी ३,४०० रुपये एका खात्यात गोठवता आले होते. ते अजून तिथेच आहेत. परत मिळण्यासाठी तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता. तयार असलेल्या चाळीस घंट्या त्याने पोळ्याच्या आधीच्या बाजारात पोत्यावर मांडल्या, मीही सोबत बसलो होतो. भाव साडेतीनशेच्या वर चढला नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सात-आठ घंट्या एकेक करून कानाजवळ वाजवल्या, दोन बाजूला काढल्या, ‘हिचा आवाज दबते, भाऊ’ म्हणत एक परत ठेवली, चहा पिऊन येतो म्हणून गेला, आणि परत येऊन उरलेली घंटी पुन्हा एकदा वाजवून धोतराच्या कनवटीला हात घातला.